निवू द्या

आमच्या थोरलीचा जन्म झाला तेव्हा कारखान्यातल्या सगळ्यांनी त्याच दिवशी दुपारपर्यंत माझं अभिनंदन केलं, माझ्याच पैशांचे पेढे खाल्ले आणि "मुलगी का? असू दे, असू दे," म्हणून सांत्वनही उरकून घेतलं. सुभेदार पिसाळांनी यातलं काहीच केलं नाही. मी पुडा पुढं धरला तेव्हा त्यांनी एक पेढा उचलला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, "निवू द्या. मग खातो."

तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले. दाराबाहेर चपला काढल्या, पाळण्यात वाकून बराच वेळ पाहिलं, पोरीच्या कपाळाला उलटा हात टेकवला. मग खिशातून तो पेढा काढला. एव्हाना त्याचा दगड झाला होता. तो तोंडात टाकून त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आता अभिनंदन, क्लार्कसायेब. कुटं तडा न्हाई."

माझ्या पत्नीनं या वाक्याबद्दल त्यांना अजून माफ केलेलं नाही.

सांगलीजवळ माधवनगरला रेल्वेलाइनीला लागून आमचा कारखाना होता. पुलांचे गर्डर, साखर कारखान्यांच्या टाक्या, गोदामांच्या छपरांच्या कैच्या असं जे काही प्लेटा कापून आणि जोडून करता येतं ते आम्ही करत असू. मी तिथं पत्रव्यवहार सांभाळायचो. म्हणजे माल वेळेवर का गेला नाही, याची कारणं नम्र इंग्रजीत लिहायचो. इतकी वर्षं लिहिली की शेवटी कारणांवरचा माझा विश्वास टिकला, नम्रतेवरचा उडाला. विश्रामबागेतून सकाळी सायकल मारत यायचं, पंख्याखाली बसून खेद व्यक्त करायचा आणि संध्याकाळी सायकल मारत परत जायचं. त्या दशकात देशात सगळंच उशिरा चालायचं, त्यामुळे मला कामाची कमतरता पडली नाही.

सुभेदार पिसाळ उंब्रजजवळचे. लष्करात पूल बांधणाऱ्या पलटणीत आयुष्य काढून पेन्शनीत आले आणि आमच्याकडे जोड तपासायला लागले. अंगानं किरकोळ, आवाजानं मऊ. गोष्टी हातानं तपासायची त्यांना सवय होती, आणि तीही हाताच्या पाठीनं, आई मुलाचा ताप बघते तशी. चहाची कपबशी, एसटीचं बॉनेट, रागावलेल्या माणसाचा खांदा, कशालाही आधी उलटा हात लावायचे आणि मग मत द्यायचे. मत बहुतेक वेळा एकच असे : "निवू द्या."

हे वेड त्यांना कुठून लागलं ते सांगायला मला प्लेटांविषयी थोडं बोलावं लागेल. कंटाळा करू नका. मी तो पगार घेऊन केला आहे.

लांब पूर्वेकडच्या गिरण्यांतून लाटलेल्या प्लेटा मालगाडीच्या वाघिणींतून आमच्या सायडिंगला उतरत. त्यांच्यात दोन जाती. एक नरम माल, दुसरा कडक माल. कडक प्लेट पातळ असूनही नरम प्लेटीपेक्षा कितीतरी जास्त ओझं घेते, म्हणून लांब पुलांना ती लागते. पण ती मानी असते. नरम प्लेट कशीही जोडा, ती काही म्हणत नाही. कडक प्लेट गार असताना जोडली तर तीही तोंडावर काही म्हणत नाही. जोड देखणा दिसतो, साहेब शाबासकी देतात, फोटो निघतो. मग दोन दिवसांनी सगळे आपापल्या घरी गेल्यावर ती आतून तडकते.

म्हणून तिला जोडण्याआधी दोन्ही कडांनी गॅसच्या ज्योतीनं ऊब द्यायची. पाण्याचा थेंब टाकला तर तव्यावर नाचतो तसा नाचला पाहिजे. मग जोड मारायचा. मारला की राख आणि गोणपाटं टाकून झाकायचा आणि हळूहळू निवू द्यायचा. दोन दिवस गेले की जोडाला रॉकेल पाजायचं, पुसून घ्यायचं आणि वर खडूचा पांढरा हात द्यायचा. कुठं बारीक भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर काळ्या रेघेनं बाहेर येतं. गावात रॉकेलसाठी रांगा लागलेल्या असत आणि आमचे सुभेदार ते लोखंडाला पाजत. यावरून त्यांना शिव्याही खाव्या लागत.

आमचे मॅनेजर देवधर यांना हे सगळं सुभेदारांपेक्षाही जास्त ठाऊक होतं. ते शिकलेले होते, आणि चांगले शिकलेले होते. पण देवधर हे ज्ञान संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी उतरवून ठेवत. सुभेदार ते घरी घेऊन जात.

पलटणीत असताना वर बर्फात त्यांनी पास केलेला एक जोड दोन दिवसांनी तडकला होता. पुलावर कुणी नव्हतं. "पन आवाज आयकला मी," ते म्हणत. "बंदुकीवानी. तवापास्नं पयल्या दिशी कशालाच चांगलं म्हनत न्हाई."

खरोखरच म्हणत नसत. सिनेमा कसा होता हे ते तिसऱ्या दिवशी सांगत. तोवर सांगलीच्या थिएटरातून तो गेलेला असे. एकदा निवडणुकीचा निकाल लागला. गुलाल उधळला, गल्लोगल्ली ताशे वाजले. सुभेदार निवडून आलेल्या उमेदवाराला हार घालायला तिसऱ्या दिवशी गेले. तोपर्यंत तो दुसऱ्या पक्षात गेला होता.

"बघा," हार तसाच परत आणून माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले. "तडा."

दुसऱ्या टोकाला ऊब. कुठल्याही कामाचं बोलण्याआधी समोरच्याला ऊब आली पाहिजे अशी त्यांची श्रद्धा. आमच्या फोरमननं मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीला त्यांना वडीलधारे म्हणून बसवलं. मुलाकडची माणसं साताऱ्याहून आली होती. सुभेदारांनी पावसापासून सुरुवात केली. पावसावरून उसावर, उसावरून बैलांवर, बैलांवरून पाहुण्यांच्या आजोबांच्या बैलांवर. फोरमन मधूनमधून खाकरत होता. पोहे झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी पाहुण्यांना एसटी गाठायची म्हणून ते उठले आणि लग्नाचा विषय निघालाच नाही.

"सुभेदार, घात केला तुमी!" फोरमन म्हणाला.

"ऊब आली नव्हती गड्या. त्यो धाकटा चुलता बघितलास न्हवं? गार पडला हुता."

पुढच्या आठवड्यात ती माणसं आपणहून परत आली आणि लग्न ठरलं. सुभेदार हे श्रेय घेतात. माझा अंदाज असा की पोहे बरे होते.

तर असा हा माणूस. आता त्याचं अडलेलं काम सांगतो, कारण हे सगळं त्यासाठी लिहितो आहे.

कारखान्याच्या कडेला सुभेदारांना पत्र्याच्या दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. त्यात दोन लोखंडी खाटा. एकीवर ते निजत. दुसरी त्यांनी यार्डातल्या उरलेल्या तुकड्यांतून स्वतः जोडून घेतली होती. तुकडे नरम मालाचे होते, त्यांना ऊब द्यायची काही गरज नव्हती. तरी सुभेदारांनी दिली, आणि जोड झाकून दोन दिवस निवूही दिले. त्या खाटेवर कुणालाही बसता येत नसे. मी एकदा बसायला गेलो तर त्यांनी मला दंडाला धरून उठवलं, आणि वर त्या दंडाची माफी मागितली.

"मंडळींची हाय," ते म्हणाले.

मंडळी म्हणजे हौसाबाई, त्यांच्या पत्नी. त्या गावी. ऊस, म्हैस आणि घर, सगळं त्याच पाहत. खाटेच्या पायथ्याशी एक काळं घोंगडं घडी घालून ठेवलेलं असे, कोपऱ्यावर तांबड्या लुगड्याचं ठिगळ मारलेलं. सुभेदार लग्नानंतर पहिल्यांदा पलटणीत निघाले तेव्हा हौसाबाईंनी ते त्यांच्या वळकटीत घातलं होतं. कुठं मुक्काम पडला तर सुभेदार ते बरोबर नेत, पण अंगावर घेतलेलं कुणी पाहिलं नाही. उशाला घेत, तेही घडी न मोडता.

"लगीन झालं आनि चौथ्या दिशी तार आली," एकदा त्यांनी सांगितलं. "धड तोंड बघितलं न्हवतं एकमेकांचं. मग वर्साकाठी सुट्टी. आलो, पावना म्हनून ऱ्हायलो, गेलो. गार लोखंडावर जोड मारला आमचा, क्लार्कसायेब. आता उरलेली वर्सं एका जागी काढावीत म्हनतो."

"मग बोलवा की त्यांना इकडं."

"बोलवायचंच हाय. ऊब देतोय."

दर पंधरा दिवसांनी ते एसटीनं गावी जात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. हीच ती ऊब. त्यांना नोकरीला लागून तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

"तीन वर्षं ऊब?" मी विचारलं.

"माल जाड हाय," सुभेदार म्हणाले.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. ओट्यावर घोंगडी अंथरलेली होती. सुभेदार तिच्या कडेवर बसले, अगदी पाहुणा बसतो तसे. हौसाबाई आत चुलीपाशी. दार मध्ये.

"म्हस बरी हाय न्हवं?" सुभेदारांनी दाराला विचारलं.

"हाय की," दारानं सांगितलं.

"चारा?"

"हाय."

"दूध देती?"

"न द्यायला काय झालं?"

मग बराच वेळ म्हशीच्या खुराविषयी. मग तिच्या रेडकाविषयी. मी आजवर अनेक कंटाळवाणी संभाषणं ऐकली आहेत, त्यांतली बरीचशी स्वतःच लिहिली आहेत. पण दोन माणसं एका म्हशीच्या आडून इतकी धडपडताना पाहिली नव्हती. हौसाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, नवऱ्यापेक्षा चार बोटं जास्तच. त्यांनी कप मला दिला आणि मलाच विचारलं, "क्वार्टरला पानी येतं का वं?"

"येतं. सकाळ-संध्याकाळ."

"आनि खाटा किती हायती?"

"दोन."

"दुसरी कुनाची?"

मी सुभेदारांकडं पाहिलं. माणसाला याहून सोपं करून कुणी काय द्यावं! सुभेदारांनी कपाला उलटा हात लावला आणि ते म्हणाले, "पाव्हण्यांची."

हौसाबाई आत गेल्या. परतीच्या एसटीत मी सुभेदारांना कारखान्याच्या पत्रांत कधीच वापरता येत नाही अशी भाषा वापरली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. कऱ्हाड आलं तेव्हा म्हणाले, "घाई केली आनि न्हाई म्हनली, तर? एकदा तडा गेला की जोड परत मारता येत न्हाई, सायेब. ती जागा बाद हुते."

ते पोलादाबद्दल बोलत असते तर मी वाद घातला असता.

त्याच उन्हाळ्यात येरळेवरचा पूल निघाला. येरळेला वर्षातले बरेच महिने पाणी नसतं, त्यामुळे पूल कशाला, हे पटवायला दर वेळी पावसाळ्याची आठवण काढावी लागे. पात्रात खोल वाळू. वाळूत खांब उभे करणं जिकिरीचं, म्हणून खांब कमी. खांब कमी म्हणून मधलं अंतर लांब, आणि अंतर लांब म्हणून गर्डर कडक मालाचे. गर्डर दोन तुकड्यांत ट्रेलरवरून नदीकाठी न्यायचा, तिथं जोडायचा आणि रुळांवरून यंत्रानं ओढत खांबांवर चढवायचा, असा बेत होता. या ओढण्यालाच समारंभाचं रूप आलं. एक मंत्री येऊन नारळ फोडणार, बटण दाबणार आणि गर्डर हलणार. जोड खरं तर आठवडाभर आधी व्हायचा होता. गॅसची नळकांडी उशिरा आली. त्याबद्दलचा खेद मीच व्यक्त केला होता.

मंत्र्यांच्या मानपत्राचा मजकूर लिहायला मलाही साइटवर नेलं. आदल्या संध्याकाळी जोड पुरा झाला. ऊब, जोड, राख, गोणपाटं, सगळं रीतीप्रमाणे. आणि तेवढ्यात वळवाचा वारा सुटला. धुळीचा लोट आला, गोणपाटं पतंगासारखी उडून नदीत गेली, आणि टपोरे थेंब पडायला लागले. तापलेल्या जोडावर गार पाणी म्हणजे संपलंच. माणसं गोणपाटांमागं धावली. सुभेदार मात्र तंबूकडं धावले आणि ते घोंगडं घेऊन आले. इतक्या वर्षांची घडी त्यांनी एका झटक्यात मोडली, घोंगडं जोडावर टाकलं, चारी बाजूंनी खोचलं, वर दगड ठेवले. लोकर पाणी धरत नाही. पाऊस फार आला नाही. जेवढा आला तेवढा घोंगड्यावरून ओघळून गेला.

देवधर छत्री सांभाळत आले. "सुभेदार, उद्या दहाला गर्डर ओढायचा आहे."

"परवा."

"उद्या मंत्री आहेत हो!"

"येऊ द्यात की. आमी कुटं नगं म्हनतोय?"

"येऊन काय बघतील? घोंगडं?"

"बघावं. लय चांगलं हाय."

देवधर वाईट माणूस नव्हते. दोन दिवस थांबायला हवं हे त्यांनाही माहीत होतं आणि वरून फोन येणार हेही माहीत होतं. त्यांनी कपाळ चोळलं आणि जेवले नाहीत.

सकाळी येरळेच्या पात्रातून धनगरांचा एक कळप चालला होता. उन्हाळा संपत आला की ही माणसं मेंढरं घेऊन आपापल्या गावांकडं परततात. मागून एक म्हातारी चालली होती. तिनं काठावर काळं घोंगडं पांघरलेलं काहीतरी पाहिलं, शेजारी राखणीला बसलेला माणूस पाहिला आणि ती चढून वर आली.

"कोन निजलंय रं?"

"कुनी न्हाई म्हातारे. लोखंड हाय."

तिनं घोंगड्यावर हात ठेवला. "आरं, ऊन लागतंय की!"

"व्हय. आतनं ऊन हाय."

"मग उगड की जरा."

"आत्ता न्हाई उगडायचं. उद्यापत्तर कुनी हात लावायचा न्हाई."

सुभेदारांनी एक अक्षर खोटं सांगितलं नाही. पण आतून ऊन आहे, उघडायचं नाही, हात लावायचा नाही, एवढं ऐकल्यावर म्हातारीला आणखी काही विचारायचं उरलं नाही. देवाविषयी यापेक्षा जास्त माहिती कुणी कुणाला दिली आहे असं मलाही वाटत नाही. तिनं कनवटीचा भंडारा काढला, घोंगड्यावर उधळला आणि डोकं टेकवलं. "आगं म्हातारे, लोखंड हाय ते," सुभेदार पुन्हा म्हणाले. "असंना," ती म्हणाली आणि मेंढरांमागं गेली.

तासाभरात आसपासच्या वाड्यांवरून माणसं यायला लागली. नारळ आले, उदबत्त्या आल्या. घोंगडं पिवळं झालं. समारंभासाठी माणसं गोळा करायचं काम ज्यांच्याकडं होतं त्यांनी हे सगळं आपणच घडवल्यासारखा चेहरा केला. देवधर गर्डरजवळ जायला निघाले तर दोघातिघांनी त्यांना अडवून चपला काढायला लावल्या.

मंत्री बारानंतर आले. मोटारीतून उतरताच त्यांना गर्दी कुठं आहे ते दिसलं आणि मंडपाकडं न जाता ते सरळ तिकडं वळले. तापलेल्या वाळूतून अनवाणी. त्यांनी भंडारा कपाळाला लावला, घोंगड्याला हार घातला आणि तिथंच उभे राहून श्रम, श्रद्धा आणि पोलाद यांवर भाषण केलं. नारळ फोडला. बटण राहूनच गेलं, आणि गर्डर का हलला नाही हे कुणी विचारलं नाही. माझं मानपत्र खिशातच राहिलं. देवधरांनी दुपारी दोन ताटं जेवण केलं.

सुभेदार मात्र सगळा वेळ जोडापाशी बसून होते. "उगीच देव केला घोंगड्याचा," एवढंच ते पुटपुटले.

बातमी एसटीच्या टपावर बसून जाते. तांबड्या ठिगळाच्या घोंगड्याचा देव येरळेकाठी निघालाय, हे उंब्रजच्या बाजारात कुणा कंडक्टरनं सांगितलं आणि हौसाबाईंनी ते ऐकलं. त्यांना ठिगळावरून सगळं कळलं.

जोडाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. हातात गाठोडं. गर्दीतून वाट काढत, खरं म्हणजे गर्दीला बाजूला सारत, त्या घोंगड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आवं, माझं घोंगडं लोखंडाला घातलंसा?"

सुभेदार उठून उभे राहिले. "वारं सुटलं हुतं. जोड गार पडला असता."

"स्वोताच्या अंगावर कवा घेतलंसा का?"

हौसाबाई खाली वाकल्या. कुणीतरी ओरडलं, "मावशे, हात लावू नगंस, देव हाय!"

"देव तुज्या घरी. घोंगडं माझं हाय," त्या म्हणाल्या. दगड बाजूला केले आणि घोंगडं ओढून झटकलं. भंडाऱ्याचा पिवळा ढग उठला आणि सगळ्यांच्या अंगावर बसला. खाली गर्डर. लोकांनी थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि ते पांगले. म्हातारीला आधीच सांगितलं होतं ते लोखंड आहे म्हणून.

सुभेदारांनी जोडाला रॉकेल लावलं, पुसलं, खडू फिरवला. आम्ही सगळे वाकून उभे. पांढऱ्या पट्टीवर काही उमटलं नाही. त्यांनी उजेडाच्या या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. काहीच नाही.

"मग आपण दोन दिवस कशासाठी थांबलो?" देवधर थकून म्हणाले.

"तडा न्हाई हे कळायला," सुभेदार म्हणाले.

दुपारी कारखान्याचा ट्रक माधवनगरला परतणार होता. हौसाबाई घोंगडं काखेत घेऊन पुढं बसल्या, मध्ये मी, कडेला सुभेदार. मला मधोमध बसल्याचा अतिशय वैताग आला होता. वाटेत एकदाच सुभेदार म्हणाले, "म्हस?"

"जावंच्या दावनीला बांधून आलीया."

"कवापत्तर?"

हौसाबाई समोरच्या रस्त्याकडं बघत राहिल्या. मी सुभेदारांना कोपरानं ढोसलं. त्यांनी अंग चोरून मला जागा करून दिली.

क्वार्टरपाशी उतरलो. मी निघणार होतो, पण सुभेदारांनी माझी बाही धरली. लढाईवर गेलेला माणूस! हौसाबाई आत गेल्या. दोन्ही खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, स्टो हलवून पाहिला. मग त्या दुसऱ्या खाटेपाशी थांबल्या.

"ही पाव्हण्यांची व्हय?"

सुभेदार दारात उभे. त्यांचा हात आपोआप उलटा झाला आणि चौकटीला टेकला. बाहेर मालगाडीचं शंटिंग चाललं होतं.

"तुजी हाय," ते म्हणाले.

"कवापास्नं?"

"पयल्या दिसापास्नं. तुला इचारायचं हुतं. ऊब देत हुतो."

"कुनाला? म्हशीला?" हौसाबाई म्हणाल्या. "दर खेपंला तिचीच तर इचारपूस. मी आपली दाराआड उभी ऱ्हायाची, आज म्हनतील, मग म्हनतील."

हौसाबाईंनी खाटेच्या लोखंडावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"ऊन हाय की," त्या हळूच म्हणाल्या.

"पत्र्याखाली हाय," सुभेदार म्हणाले. "दुपारची तापती."

आयुष्यभर मी खऱ्याच्या बाजूनं बोलत आलो. भाषणातला फुगा दिसला की मला टाचणी सापडते. पण त्या क्षणी खरं बोलल्याबद्दल मला त्या माणसाच्या डोक्यात ती खाट घालावीशी वाटली.

हौसाबाई हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि सुभेदारांच्या तोंडावरून वाटलं की त्यांनीही फारसं पाहिलं नसावं. हौसाबाईंनी काखेतलं घोंगडं खाटेवर पसरलं, कडा सारख्या केल्या, तांबडं ठिगळ उशाकडं आणलं. गाठोडं खाटेखाली सरकवलं. मग नवऱ्याशेजारून येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या.

"निवू द्या," त्या म्हणाल्या.

मी सायकल काढली आणि विश्रामबागेकडं निघालो. अभिनंदन वगैरे मुळीच केलं नाही.

ते करायला तिसऱ्या दिवशी गेलो. दार हौसाबाईंनी उघडलं.